तिसऱ्या हाकेची हजेरी

इंग्रजीच्या शिक्षिकेला निवृत्तीनंतर लोक एकच गोष्ट विचारतात. मुलांच्या चुका सांगा. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, आणि या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच विचारलं. एकतीस वर्षं शिकवलंत, गमतीजमती असतीलच की. आहेत ना, पोतंभर आहेत. पण मुलांच्या चुकांवर हसून हसून मला कंटाळा आला आहे, आणि खरं सांगायचं तर त्या एकतीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक मुलांची नव्हती, माझी होती. तीच लिहिते. वाचून कुणाला हसू आलं तर येऊ दे, मला अजून आलेलं नाही.

मी मूळची पेडण्याची. आमच्या माडांच्या आगरात उभं राहिलं की तेरेखोलची नदी दिसायची. नोकरी मात्र लागली डिचोली तालुक्यात, खाणीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथेच राहतात. कारापूर मागे टाकून पुढे गेलं की रस्ता तांबडा होतो, झाडं तांबडी होतात, दोरीवर वाळत घातलेले कपडेही तांबडे होतात, तिथेच कुठेतरी असं समजा. आमचा शिपाई पुंडलीक सकाळी आधी बाकं पुसायचा आणि मग फळा. मधल्या सुट्टीपर्यंत बाकांवर परत बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ बसायची.

बाहेरच्यांना आमचं काम सोपं वाटतं. पुस्तकातला धडा वाचायचा, अवघड शब्दांचे अर्थ सांगायचे, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची. पण आमच्याकडे मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकत आणि पाचवीला एकदम इंग्रजीत येऊन पडत, विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात तशी. घरी बोलायची ती तिसरीच. पेडण्याकडच्याची एक, सत्तरीकडच्याची दुसरी, खाणीवर ट्रक चालवायला दोडामार्गाकडून आलेल्यांची मालवणी आणखी वेगळी. या मुलांना मी इंग्रजी शिकवणार म्हणजे काय करणार? त्यांच्या डोक्यात आधीच तीन भाषा दाटीवाटीनं बसलेल्या, त्यात चौथीला सरकून जागा करून द्यायची.

एकदा मी वर्गात पोदेराकडचा, म्हणजे गावच्या पाववाल्याकडचा, पाव घेऊन गेले. उंडो, पोय, कातऱ्याचा पाव आणि बांगडीसारखं काकण, सगळे टेबलावर मांडले. मुलांना सांगितलं की तुमच्याकडे एका पावाला इतकी नावं आहेत तशी इंग्लंडातही आहेत. एका गावात रोल म्हणतात, दुसऱ्यात बॅप, तिसऱ्यात कॉब, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलंच खरं. मुलं खूष झाली. इंग्रजही पावावरून भांडतात हे कळल्यावर त्यांची इंग्रजीची भीती निम्मी पळाली. बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे, हे मी त्या दिवशी शिकवलं, आणि आपण फार मोठं काही शिकवलं असं मला वाटलं. पाव पुंडलीकानं आणि मुलांनी मिळून संपवला.

त्या उत्साहात मी भिंतीवर एक तक्ता लावला. खिडकीला घरी काय म्हणता, खुर्चीला काय म्हणता, मुलांनी आपापला शब्द लिहायचा आणि शेजारी इंग्रजी शब्द. खिडकीला कुणी जनेल लिहिलं, कुणी खिडकीच, खुर्चीला कुणी कदेल. वर मी मोठ्या अक्षरांत ‘आमची बोली’ असं लिहिलं, आणि तिथेच फसले. ते राजभाषेच्या वादाचे दिवस होते. मराठी की कोंकणी यावरून भिंती रंगल्या होत्या, आणि एकेका घरात दोन भाऊ दोन तोंडांना बसलेले. एका मुलाचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, टीचर, हे शब्द तुम्ही मराठीत धरलेत की कोंकणीत? मी म्हटलं, मी इंग्रजीच्या तासाला धरलेत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाचे वडील आले, उलट्या बाजूचे, आणि तोच प्रश्न. मी शीर्षक बदलून ‘घरचे शब्द’ केलं. तेही कुणाला खटकलं. शेवटी तक्त्याचं डोकं कापलं, आणि तो बिनडोक्याचा तक्ता वर्षभर भिंतीवर राहिला. हेडसर येता जाता तक्त्याकडे बघून मान हलवत.

आता हजेरीकडे येते, कारण गोष्ट हजेरीची आहे.

आठवीच्या वर्गात अडतीस मुलं. त्यांतली नऊ खाणीला लागून असलेल्या वाड्यावरची. मी नाव पुकारलं की बाकीची ताडकन ‘येस, टीचर’ म्हणत, ही नऊ मात्र गप्प. माझ्याकडे नुसती बघत राहत. दुसऱ्यांदा पुकारलं तरी गप्प. तिसऱ्यांदा पुकारलं की मग ‘येस, टीचर’. आधी मला तो उद्धटपणा वाटला, मग वाटलं कानात मळ असेल, मग एके दिवशी मी पुंडलीकाला विचारलं. तो त्याच वाड्यावरचा.

त्यानं मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि समोर बोट दाखवलं. तिथून जुनी खाण दिसायची. खनिज संपल्यावर सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली. डोंगर होता तिथे आता खड्डा होता, आणि खड्ड्यात हिरवं पाणी, अगदी स्वस्थ. वारा सुटला तरी त्याच्यावर लाट उठलेली मी कधी पाहिली नाही. पुंडलीकानं सांगितलं की त्या डोंगरावर देवचाराचं, म्हणजे तिथल्या राखणदाराचं, ठिकाण होतं. डोंगर खणला तेव्हा त्याचं ठिकाण गेलं. तेव्हापासून तो वाटेवर माणसांची नावं घेऊन हाका मारतो. कुणी ओ दिली की त्याला वाटतं आपलं ठिकाण सापडलं, आणि मग तो ओ देणाऱ्याला घेऊन जातो.

“तें दोनदांच आपयता, टीचर,” पुंडलीक म्हणाला. “तिसरे खेपे तेका उलोवंक येना.”

तो दोनदाच हाक मारतो, तिसऱ्यांदा त्याला बोलता येत नाही, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. आमच्या पेडण्यातही ही रीत होती. माझ्या मावशीनं लहानपणी मला हेच सांगितलेलं, पण ते तिन्हीसांजेपुरतं. या वाड्यावरची मुलं दिवसाउजेडी, शाळेत, इंग्रजीच्या तासालाही ते पाळत, कारण शाळेच्या खिडकीतून ते पाणी दिसत होतं. मी म्हापशाला शिकलेली, शास्त्राच्या बाजूची. मावशीचं सांगणं मी केव्हाच मागे टाकलं होतं. मला राग आला तो मुलांचा नव्हे, त्या रीतीचा. म्हटलं, ही आपण मोडायची.

शिवाय तपासणी जवळ आली होती. इन्स्पेक्टर आठवीचं बोलण्यातलं इंग्रजी तपासणार होते. कुणी नाव घेतलं की लगेच उत्तर देणं ही इंग्रजीतली पहिली सभ्यता, असं मी मुलांना रोज सांगायची. त्यासाठी मी एक युक्ती काढली. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा टेप होता. एका कॅसेटमध्ये मी हजेरीपटाच्या क्रमानं सगळी नावं माझ्या आवाजात भरली, प्रत्येक नावानंतर उत्तरापुरती मोकळी जागा सोडून. वर्गात टेप लावायचा, नाव ऐकू आलं की त्या मोकळ्या जागेत ‘येस, टीचर’ म्हणायचं. जागा संपली की पुढचं नाव. टेप काही तीनदा पुकारत नाही. मुलांपुढे इलाज राहिला नाही.

नऊंपैकी सर्वांत आधी बदलली ती सुलक्षा. हिच्याबद्दल सांगायला हवं. वडील खाणीच्या ट्रकवर, आई घरी, माणसं दोडामार्गाकडची. पोर सावळी, किडकिडीत, दोन वेण्या, आणि इंग्रजीचा कान असा की एकदा ऐकलेलं वाक्य तिच्या तोंडून माझ्यापेक्षा स्वच्छ यायचं. त्या वर्षी पणजीला इंग्रजी वक्तृत्वाची स्पर्धा होती. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलेलं नव्हतं. मी तिचं नाव पाठवलं होतं. मला वाटत होतं, ही पोर इथली धूळ झटकून कुठल्या कुठे जाईल. तिनं पहिल्या हाकेला ‘येस, टीचर’ म्हटलं त्या दिवशी मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिच्या शेजारी बसणारी उर्मिला, तीही त्याच वाड्यावरची, तिनं टाळी वाजवली नाही. ती शेवटपर्यंत तिसऱ्या हाकेवरच अडून राहिली, आणि टेपपुढे रोज गैरहजर ठरली.

चार दिवसांनी सुलक्षाची आई शाळेत आली. चप्पल बाहेर काढून दारातच उभी राहिली. मला वाटलं, स्पर्धेच्या कपड्यांचं काही असेल.

“बाई,” ती म्हणाली, “तुमी इंग्रजी शिकवा, काय हवा ता शिकवा. पण पयल्या हाकेक ओ देवक शिकवू नकात.”

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मी जमेल तितक्या गोड शब्दांत समजावलं की हा जुना समज आहे, मुलीला पणजीला जायचं आहे, तिथे तीनदा कोण पुकारणार. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तो भलत्याचो आवाज घेणा नाय,” ती म्हणाली. “पोरां ज्येचा ऐकतत, तेचोच घेता. आदी माझो घेय. आता पोरां तुमचा ऐकतत.”

एवढं बोलून ती गेली. मी त्या वाक्यावर हसले नाही, पण स्टाफरूममध्ये ते सांगून इतरांना हसवलं, हे कबूल करते.

पावसाळा सरत आला होता. भाषेच्या वादावरून एके दिवशी बंद पुकारला गेला. कुणी पुकारला ते आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही. रस्त्यावर झाडं आडवी घातली गेली, बसगाड्या थांबल्या. मी डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहायची, मला शाळेत जाता आलं नाही. गावात राहणाऱ्या दोघा शिक्षकांनी शाळा उघडली, आणि दुपारी दोन वाजता मुलांना सोडून दिलं.

मी घरी नुसती बसून काय करणार? तपासणी तीन आठवड्यांवर. पहिल्या कॅसेटमध्ये मी उत्तरासाठी सोडलेली जागा मला जास्त वाटू लागली होती. मुलं रेंगाळतात, विचार करतात. म्हणून दुपारी जेवण आटोपल्यावर मी नवी कोरी कॅसेट उघडली, खिडकीजवळ टेप ठेवला आणि नावं परत भरायला घेतली. या वेळी जागा कमी. आवाज जरा खणखणीत. बाहेर बारीक पाऊस होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मुलगे संपले, मग मुली. ‘सुलक्षा’ म्हणताना मला उगाच हसू आलं, कारण तिच्यापुढे जागा सोडायचीही गरज नव्हती. तरी सोडली. मग ‘उर्मिला’. तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं, सव्वादोन झाले होते. चहा टाकायला उठले.

संध्याकाळी पुंडलीक सायकल हाणत डिचोलीला आला. आडव्या झाडांवरून त्यानं सायकल उचलून आणली होती. त्याच्या तोंडून मला कळलं ते असं. सुलक्षा आणि उर्मिला बंदमुळे मोठ्या रस्त्यानं न जाता खाणीच्या कडेच्या पायवाटेनं घरी निघाल्या. पाण्यावर धुकं होतं. मध्येच सुलक्षा ‘येस, टीचर’ म्हणाली आणि वाट सोडून पाण्याच्या बाजूला चालू लागली. कडेची माती पावसानं भुसभुशीत झालेली, ती तिच्यासकट खाली गेली. उर्मिलेच्या किंकाळ्या ऐकून जवळच्या शेतपंपावरचा माणूस धावला. खाण चालू असताना पाणी उपसायला घातलेला एक गंजका पाइप तिथे पाण्यात तसाच राहिला होता, त्याला सुलक्षा अडकली होती. जिवंत होती. दवाखान्यात होती.

मी पुंडलीकाच्या मागे कॅरिअरवर बसून दवाखान्यात गेले. सुलक्षा डोळे मिटून पडली होती, अंगात ताप. उर्मिला बाहेर बाकावर बसली होती, तिचे पाय गुडघ्यापर्यंत तांबडे. मला बघून ती जरा मागे सरकली. मी तिच्या शेजारी बसले आणि काय झालं ते विचारलं.

“टीचर, तुमीच हाक मारलात,” ती म्हणाली. “आदी तिका. मागीर माका.”

मी विचारलं, तुला किती वेळा? ती म्हणाली, एकदाच. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत थांबले, असं तिनं सांगितलं.

आधी सुलक्षा, मग उर्मिला. हजेरीपटाचा क्रम. सव्वादोनची वेळ. माझी खोली खाणीपासून आठ मैलांवर. आवाज आठ मैल जात नाही, हे मी शास्त्राच्या बाजूची म्हणून आजही सांगेन. रोज रोज टेप ऐकून पोरींच्या कानात ती नावं त्या क्रमानं बसली असतील, धुक्यात वारा वाजला असेल, कान जे शिकलेले तेच ऐकतात. हे सगळं मी स्वतःला त्याच बाकावर बसून सांगितलं. पण त्यातलं एकही वाक्य मला स्वतःला पटलं नाही.

सुलक्षाच्या आईपासून मी काही लपवलं नाही. कॅसेटचं सांगितलं, वेळेचं सांगितलं. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. खाली बघून म्हणाली, “ती कॅसेट मोडू नकात. आयकू पण नकात. माझ्या चेडवाची ओ आत आसा.”

ताप उतरला, दहा-बारा दिवसांनी सुलक्षा शाळेत आली. मी हजेरी घ्यायला उभी राहिले. टेप घरी ठेवला होता. प्रत्येक नाव मी तीनदा पुकारलं, नऊ मुलांचंच नव्हे, अडतीसच्या अडतीस. कुणी हसलं नाही. सुलक्षाचं नाव तीनदा पुकारलं आणि थांबले. तिनं ओ दिली नाही. माझ्याकडे बघत होती, नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. जणू मी दुसऱ्याच कुणाला बोलावते आहे आणि तोही अजून आलेला नाही. मी हजर मांडली आणि पुढे गेले.

इतर वेळी ती हळूहळू बोलू लागली. प्रश्नाचं उत्तर द्यायची, धडा वाचायची. पण तिच्या नावानं हाक मारली तर ओ नाही. घरीही नाही, असं आई म्हणाली. पणजीच्या स्पर्धेला ती गेली नाही. व्यासपीठावरून नाव पुकारतात आणि मग जायचं असतं, ते तिच्याच्यानं झालं नसतं. तिच्या जागी मी कुणाला पाठवलं नाही.

तपासणीला इन्स्पेक्टर आले. मी त्यांच्यासमोरच प्रत्येक नाव तीनदा पुकारलं. अडतीस नावं म्हणजे एकशे चौदा हाका झाल्या. हेडसर घाम पुसत होते. इन्स्पेक्टर इंग्रजीत म्हणाले, मॅडम, जगात कुठेही इंग्रजीत अशी हजेरी घेत नाहीत. मी म्हटलं, सर, ही इथल्या इंग्रजीची बोली आहे. त्यांनी शेऱ्यात वेळेच्या अपव्ययाबद्दल दोन ओळी लिहिल्या. लिहू देत. शब्दांना बोली असते हे मी मुलांना पाव दाखवून शिकवलं होतं. ओ देण्यालाही बोली असते, हे मात्र मला एका मुलीची ओ पाण्यात घालवून शिकावं लागलं.

पुढे गोवा घटकराज्य झालं. शाळेत झेंडा लागला, पेढे वाटले, भाषेच्या वादात दोन तोंडांना बसलेले भाऊ एका खटाऱ्यात बसून पणजीला गेले. राज्य झालं म्हणजे आता काय होणार, असं एका मुलानं विचारलं तेव्हा नकाशात आपला रंग वेगळा दिसेल एवढंच मला सुचलं. मी त्या शाळेत आणखी पंधरा वर्षं होते आणि नंतर वाळपईकडे बदली झाली. दोन्हीकडे निवृत्तीपर्यंत मी हजेरी तीनदाच पुकारली. मुलं नक्कल करत, नवे शिक्षक चेष्टा करत. कॅसेट बिस्किटांच्या डब्यात होती. मोडली नाही, ऐकली नाही. सुलक्षा दहावी झाली आणि तिची माणसं दोडामार्गाला परत गेली. नंतर काही कळलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारची वेळ, मी पेडण्याच्या घरी पडवीत सुपारी कातरत बसले होते. फाटकाकडून हाक आली, “टीचर.” मी उठले नाही. आता ही सवयच आहे. दुसरी हाक आली, “टीचर.” अडकित्ता खाली ठेवला. मग बराच वेळ काही नाही. खोटं कशाला सांगू, मी श्वास धरून बसले होते. मग तिसरी आली.

फाटकात चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती, खांद्याला पर्स, केसांत थोडी चांदी. सुलक्षाला ओळखायला मला क्षणही लागला नाही. ती हसून म्हणाली, तुम्हीही तिसऱ्या हाकेवर का? मी तिला आत घेतलं. चहा झाला. ती एका दवाखान्यात नर्स आहे. बाहेर बसलेल्या रोग्यांची नावं पुकारणं हे तिचं काम. प्रत्येकाला तीनदा पुकारते, असं ती म्हणाली. डॉक्टर चिडतात, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या पहिल्या हाकेला उठतच नाहीत. स्वतःच्या नावाला मात्र ती अजून ओ देत नाही. नवरा खांद्याला हात लावून बोलावतो, मुलं समोर येऊन उभी राहतात. आई गेल्या मे महिन्यात गेली, आणि जाण्याआधी तिला म्हणाली की टीचरकडे जा, कॅसेट माग.

डबा मी कपाटातून काढला. माझा टेप केव्हाच बिघडला होता, पण तिनं पर्समधून एक छोटा टेप काढला. सगळ्या तयारीनं आली होती. मी म्हटलं, नको ऐकूस. तिनं कॅसेट घातली.

माझा तरुण आवाज आला. ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली, इतका खणखणीत, इतका खात्रीचा. मुलग्यांची नावं, मधल्या मोकळ्या जागा, त्यांत कौलांवरचा बारीक पाऊस. मग मुली. एकेक नाव जवळ येत होतं. सुलक्षानं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

‘सुलक्षा.’

पाऊस. आणि त्या पावसात, लांबून, पाण्यावरून यावं तसं, एका तेरा वर्षांच्या मुलीच्या आवाजात, ‘येस, टीचर.’

कॅसेट नवी होती. वरचा वेष्टणाचा कागद मी स्वतः फाडला होता. खोलीत मी एकटी होते. टेपमधला माझा आवाज ‘उर्मिला’ म्हणाला, त्यापुढची जागा रिकामी होती. सुलक्षानं बटण दाबून टेप बंद केला. तिचा चेहरा भिजला होता, माझाही. मी तिची माफी मागितली. इतक्या वर्षांत मनातल्या मनात हजारदा मागितलेली, त्या दिवशी पहिल्यांदा तोंडानं. तिनं नुसतं माझ्या हातावर थोपटलं, रोग्याला थोपटावं तसं.

“टीचर, आता तुमी हाक मारा,” ती म्हणाली. “तीनदा.”

मी उभी राहिले. बसून हजेरी घ्यायची मला कधी सवय नव्हती. पहिल्यांदा नाव घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा घेतलं. बाहेर आगरात काहीतरी खसखसलं आणि थांबलं. तिसऱ्यांदा सावकाश घेतलं.

“ओ,” सुलक्षा म्हणाली.

इंग्रजीत नव्हे. मी तिला सुधारलं नाही.